मिसाकच्या डोंगराचा रंग

आमच्या ओहायोतल्या डब्लिनला नवीन मराठी कुटुंब आलं की पहिल्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ठरलेले प्रश्न होतात. मूळचे कुठले, किती वर्षं झाली, मुलं कितवीत, आणि काय करता. ओळीनं उत्तरं येतात: आयटी, बँक, इन्शुरन्स, पुन्हा आयटी. माझी पाळी आली की मी सांगायची, मी रंग बनवते. मग समोरचा माणूस जरा थांबायचा. भिंतींचे का? नाही. केसांचे? तेही नाही. एका काकूंनी तर मला बाजूला नेऊन पांढरे केस झाकायला कोणती मेंदी बरी, ते हळूच विचारलं होतं.

मी चित्रकारांचे तैलरंग बनवायची. नळीत भरलेले, बोटभर लांबीचे. कोलंबसच्या बाहेर मक्याच्या शेतांना लागून एक जुनी विटांची इमारत होती. तिच्यात आम्ही जेमतेम बारा-तेरा माणसं ते बनवायचो. नागपूरला रंगांचं रसायनशास्त्र शिकून, लग्न होऊन मी इकडे आले आणि कुठेच नोकरी मिळेना, तेव्हा त्या कंपनीच्या मालकानं, वॉल्टरनं, मला प्रयोगशाळेत घेतलं. आत पाऊल टाकल्याबरोबर जवसाच्या तेलाचा वास आला. आमच्याकडे जवस म्हणजे चटणी. परक्या देशात, बर्फाच्या दिवसांत, एका कारखान्यात तो वास यावा याचं मला इतकं नवल वाटलं की पगार किती हे विचारायचंच राहिलं.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाची संपादक मुलगी मला म्हणाली, "काकू, लाइट काहीतरी द्या ना, कस्टमर्सचे फनी किस्से वगैरे." तेही देते. पण त्यांच्यामागे एक गोष्ट आहे, ती लाइट नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, आता ती लिहायला हरकत नाही. माणसांची आडनावं मात्र देत नाही.

आधी धंदा समजून घ्या. तैलरंग म्हणजे रंगाची पूड आणि जवसाचं तेल, बाकी फार काही नाही. पण पूड तेलात कालवली म्हणजे रंग झाला असं होत नाही, जसं पीठ पाण्यात कालवलं म्हणजे पोळी होत नाही. ते मिश्रण तीन पोलादी लाटण्यांमधून काढायचं. लाटणी एकमेकांना जवळजवळ चिकटलेली असतात, वेगवेगळ्या वेगानं फिरतात, आणि पुडीचा कण न् कण तेलानं भिजेपर्यंत रंग त्यांच्यातून दोनदा, तीनदा, काही रंग सहा-सहा वेळा जातो. मग तो लोण्यासारखा होतो. एक रंग झाला की दुसरा घालण्याआधी लाटणी पुसून चकचकीत करायची. एकदा निळ्यानंतर कुणी नीट पुसलं नाही आणि घमेलंभर पिवळा रंग हिरवा झाला. वॉल्टर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं तो रंग 'कोवळं गवत' असं नाव देऊन नळ्यांत भरला. महिन्याभरात सगळा खपला. पुढे कित्येक वर्षं लोक फोन करून तो रंग मागायचे, आणि तो परत कसा बनवायचा हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं.

गिऱ्हाइकं एकेक असायची. केंटकीच्या एका बाईंनी पाकिटातून घोड्याच्या आयाळीची बट पाठवली होती, घोडा गेला होता आणि त्यांना नेमका तो तपकिरी हवा होता. तो आम्ही बनवला. शुगर लँडचा एक चित्रकार दर उन्हाळ्यात रागावून फोन करायचा की नळीतून नुसतं तेल गळतं. तिसऱ्या उन्हाळ्यात मी त्याला विचारलं, रंग ठेवता कुठे? तो म्हणाला, गाडीत. टेक्ससच्या जुलैत बंद गाडी म्हणजे भट्टीच की. त्याला म्हटलं, तुम्ही स्वतः त्या गाडीत तासभर बसून बघा. त्यानंतर त्याची तक्रार आली नाही, नाताळात कार्ड मात्र यायला लागलं.

माणसाला न बघता, नुसत्या ऑर्डरवरून ओळखायची सवय मला लागली होती. कुणी काळा फार मागवतो, कुणी पांढरा. मिसाक नावाच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर यायची तेव्हा मी ती दोनदा वाचायची, कारण त्यात काळा कधी नसायचा. तपकिरीही नाही. पिवळे तीन, लाल दोन, केशरी, हिरवे, निळे, एक जांभळा, आणि पांढऱ्याच्या मोठ्या नळ्या. मला वाटायचं, हा माणूस अंधार कशानं रंगवतो?

एक दिवस त्यांचा फोन आला आणि रिसेप्शनवरच्या बाईनं तो घाईघाईनं माझ्याकडे दिला. पलीकडून मोठ्या आवाजात, तुटक इंग्रजीत कुणीतरी सांगत होतं की तुमचा जांभळा मेलेला आहे. मी विचारलं, मेलेला म्हणजे कसा? ते म्हणाले, उद्या येऊन दाखवतो.

दुसऱ्या दिवशी ते आले. साठीचे असतील. रुंद खांदे, पांढऱ्या भुवया, एअरपोर्टवर शटल बस चालवणाऱ्यांचा गणवेश तसाच अंगात. सोबत त्यांची मुलगी होती, अनुश. ती तेव्हा फार्मसी शिकत होती आणि बापाचं इंग्रजी अडलं की ती पुढे व्हायची. आर्मेनियात त्यांची चित्रं प्रदर्शनांत लागलेली होती, तिथे त्यांना लोक ओळखत. देशाची घडी विस्कटली, दिवे जाऊ लागले, हिवाळ्यात घरात जाळायला लाकूड मिळेना, तेव्हा बायको आणि मुलगी घेऊन ते ओहायोला आले. इथे आल्यावर काही वर्षांत बायको वारली. ते शटल चालवायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायचे. इथली नाही, तिथली.

त्यांनी काखेतला कॅनव्हास टेबलावर ठेवला. मी चित्रकार नाही, पण ते चित्र मला अजून दिसतं. पिवळंधमक शेत, लाल माती, मातीवर झाडांच्या हिरव्या-निळ्या सावल्या, जर्दाळूची दोन झाडं आणि त्यांच्यामागे डोंगर. सगळं असं लखलखत होतं की जणू दुपारी दार उघडलं आहे. मग मला कळलं, ते अंधार रंगवतच नव्हते. त्यांच्या सावलीलाही रंग होता. फक्त डोंगर तेवढा मळकट होता.

त्यांच्या गावामागचा तो डोंगर. वडील पाथरवट होते, दिवसभर दगड फोडून संध्याकाळी घरी यायचे, आणि ते यायच्या वेळी डोंगर दहा-पंधरा मिनिटं एका विशिष्ट रंगाचा व्हायचा. गुलाबी म्हणावा तर जांभळा, जांभळा म्हणावा तर गुलाबी, आणि आतून उजेड असल्यासारखा. तो रंग त्यांना हवा होता. मी आमच्या रंगांचं सगळं कार्ड पुढे केलं. ते एकेका रंगावर बोट ठेवून मान हलवत गेले. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघून हात पसरले, की आता काय?

माझ्या डोळ्यांपुढे एकदम आमच्या घरामागचा नाला आला. त्याच्या काठानं बेशरम माजलेलं असायचं. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तोडलं तरी उगवतं, म्हणून बेशरम. त्याची फुलं फिकट गुलाबी-जांभळी, आणि पाकळीच्या आत घशाशी गडद. मी कॉम्प्युटरवर त्या फुलाचा फोटो शोधून त्यांना दाखवला. ते वाकून किती वेळ बघत राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शैला जान, हाच."

हे 'जान' ऐकून मी चपापले होते. आर्मेनियन भाषेत वडीलधारी माणसं कुणालाही मायेनं तसं म्हणतात, हे अनुशनं हसत समजावलं. पुढे मला त्याची सवय झाली, आणि खरं सांगायचं तर ते ऐकायला मी वाट बघायची.

तो रंग जमवायला मला चार महिने लागले. टिकाऊ पुडी होत्या, पण त्यांच्यात तो उजेड नव्हता. मग एका पुरवठादाराकडून एक नवी पूड आली. लाटण्यांमधून पहिला लगदा निघाला तेव्हा यंत्रावरचा माणूससुद्धा काम थांबवून बघायला लागला. मी वहीत त्याचं नाव मराठीत लिहिलं: बेशरम.

आता इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण चूक तिथेच आहे. रंग उन्हात उडतो का, हे बघण्याची आमची पद्धत साधी होती. रंगाची पट्टी ओढायची, अर्धी पट्टी चांदीच्या कागदानं झाकायची आणि दक्षिणेच्या खिडकीत ठेवून द्यायची. काही महिन्यांनी कागद काढायचा. झाकलेला आणि उघडा भाग सारखाच दिसला तर रंग पक्का. पण ही पट्टी दोन तऱ्हांनी करायची असते. एक नुसत्या रंगाची, आणि दुसरी त्यात भरपूर पांढरा मिसळून. कारण घट्ट रंगात कण दाटीवाटीनं असतात. वरचे काही उन्हानं मेले तरी कळत नाही, जसं भरल्या लग्नातून दहा माणसं उठून गेली तरी कळत नाही. पांढऱ्यात मिसळलेल्या रंगात कण मोजके. घरात पाचच पाहुणे असतील आणि तिघे उठून गेले, तर घर रिकामं दिसतं.

मी पहिली पट्टी केली. दुसरी केली नाही. मिसाक यांचं क्लीव्हलंडला प्रदर्शन होतं, ते दर आठवड्याला फोन करत होते, पुरवठादाराच्या कागदावर 'उत्तम' असं लिहिलेलं होतं, आणि मला तो रंग त्यांच्या हातात द्यायची घाई झाली होती. खिडकीतली पहिली पट्टी मी त्यांना दाखवलीसुद्धा. ही बघा, काही झालं नाही. त्यांनी ती हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि समाधानानं मान हलवली.

ते डोंगर रंगवताना त्या रंगात पांढरा मिसळायचे. मला हे माहीत होतं. त्यांच्या ऑर्डरी मीच तर वाचत होते.

तीन वर्षं मी त्यांना तो रंग दिला. फक्त त्यांच्यासाठी, थोडा थोडा, नळीवर हातानं चिठ्ठी चिकटवून. त्या तीन वर्षांत त्यांनी डोंगराशिवाय काही काढलं नाही. कधी कधी एखादं चित्र घेऊन कारखान्यात यायचे, आम्ही सगळे कॉफीचे कप घेऊन भोवती उभे राहायचो. माझ्या चाळीस वर्षांच्या संसारात आणि नोकरीत मला इतका अभिमान दुसऱ्या कशाचा वाटला नसेल. आपल्या नाल्याकाठचं फूल जाऊन आर्मेनियाच्या डोंगरावर बसलं आहे आणि मधला दुवा आपण आहोत, या विचारानं मी तरंगत असायची.

चौथ्या वर्षी दुसऱ्याच एका कामासाठी मी त्या पुडीची पांढऱ्यात मिसळलेली पट्टी केली आणि खिडकीत ठेवून विसरून गेले. उन्हाळा संपल्यावर कागद काढला. झाकलेला भाग बेशरमच्या फुलासारखा होता. उघडा भाग राखाडी, जुन्या धोतरासारखा.

मी ती पट्टी घेऊन वॉल्टरकडे गेले. वॉल्टर वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगते. त्यानं पट्टी बघितली, दार लावून घेतलं आणि मला विचारलं की चित्रं कुठे आहेत. मी म्हटलं, बरीचशी त्यांच्या अपार्टमेंटमध्ये, काही विकली गेली. तो म्हणाला, हा रंग बनवणं आजपासून बंद. त्यांना सांग की पूड यायची थांबली. "झालेली चित्रं आता बदलता येणार नाहीत. मग त्या माणसाला दुःख देऊन काय साधणार?"

मला ते पटलं. म्हणजे पटवून घ्यायला सोपं होतं. मी मिसाक यांना फोन करून सांगितलं की ती पूड मिळेनाशी झाली. ते म्हणाले, हरकत नाही, शैला जान, चांगल्या गोष्टी मिळेनाशा होतातच. मी त्यांना पक्क्या पुडीचा दुसरा जांभळा करून दिला. तो त्यांनी वापरला, पण फोनवर म्हणाले, हा झोपलेला आहे. मग हळूहळू त्यांच्या ऑर्डरींतून जांभळा गेला. नंतर ते नुसते जर्दाळू काढू लागले, ताटातले, फांदीवरचे. मला वाटलं, डोंगरातून मन उठलं असेल. खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं झालं.

ते गेल्याचं अनुशनं कळवलं तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते. वॉल्टर त्याआधीच गेला होता, कंपनी दुसऱ्यांनी घेतली होती. मी फ्युनरलला गेले, मागच्या बाकावर बसले, अनुशला जवळ घेतलं आणि घरी आले.

त्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे गेल्या वसंतात, तिची ईमेल आली. तासाभराच्या अंतरावरच्या एका गावातली गॅलरी मिसाक यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन करणार होती. पपांच्या डायरीत तुमचं नाव आहे, त्यांना तुमच्याबद्दल फार वाटायचं, तुम्ही यायलाच हवं, असं तिनं लिहिलं होतं. सोबत प्रदर्शनाच्या पुस्तिकेतला लेख जोडला होता. लेख प्रदर्शन मांडणाऱ्या क्युरेटरचा, आणि सुंदर होता. त्यात लिहिलं होतं की मिसाक यांच्या चित्रांतली शेतं आणि झाडं अखेरपर्यंत रंगांनी पेटलेली आहेत, पण मागचा डोंगर मात्र पांढऱ्या-राखाडीत विरत जातो. मायदेशाला मुकलेल्या माणसाची विसरत चाललेली आठवण त्यांनी जाणीवपूर्वक अशी रंगवली आहे.

मी तो परिच्छेद तीनदा वाचला. श्रीकांतला, माझ्या नवऱ्याला, वाचायला दिला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. तो म्हणाला, लेख चांगला आहे, चित्रांचं नाव होतंय, मुलीला आनंद होतोय. आता कशाला उकरून काढतेस? त्याचं म्हणणं वॉल्टरसारखंच होतं, आणि तितकंच शहाणपणाचं. पण विसरला नव्हता हो तो माणूस. ज्या माणसानं फुलाच्या फोटोत आपल्या गावची संध्याकाळ ओळखली, त्याच्या नावावर लोक विसरणं लिहिणार होते.

मी अनुशला फोन करून गॅलरीत भेटायला येऊ का विचारलं. ती म्हणाली, शनिवारी दुपारी या, चित्रं भिंतीशी टेकवून ठेवली आहेत, लावायची आहेत.

अनुश आता पन्नाशीकडे झुकली आहे. एका हॉस्पिटलच्या फार्मसीत मोठ्या हुद्द्यावर आहे, केस बापासारखेच दाट आणि लवकर पांढरे झालेले. तिनं मला मिठी मारली आणि एकेक चित्र दाखवायला लागली. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. तीच शेतं, तेच जर्दाळू, आणि मागे धुतलेल्या फडक्यासारखे डोंगर. शेवटी मी तिला म्हटलं, अनुश, यातलं एक चित्र फ्रेममधून बाहेर काढता येईल का?

तिनं क्युरेटरला बोलावलं. क्युरेटर तरुण बाई होती, हातमोजे घालून आली. तिनं चित्र पालथं घातलं, मागच्या पट्ट्या सोडवल्या आणि कॅनव्हास अलगद उचलून उलटवला.

फ्रेमची आतली खाच चित्राची कड बोटाच्या पेराएवढी झाकून ठेवते. तिथे ऊन पोचत नाही. कॅनव्हासच्या दोन्ही बाजूंना, जिथे डोंगर कडेपर्यंत गेला होता, तिथे त्या झाकलेल्या पट्टीत तो रंग होता. जसाच्या तसा. गुलाबी म्हणावा तर जांभळा. क्युरेटरच्या तोंडून एक उसासा निघाला. अनुशनं बोट पुढे नेलं आणि न टेकवता तसंच हवेत धरलं.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्टी कोणती केली आणि कोणती नाही. वॉल्टर काय म्हणाला, मी फोनवर काय सांगितलं. इंग्रजीत बोलत होते म्हणून बरं, मराठीत मला ते इतकं सरळ जमलं नसतं. क्युरेटर टिपून घेत होती.

अनुश खुर्चीवर बसली. तिनं विचारलं, तुम्हाला कळलं तेव्हा पपा डोंगर काढत होते का? मी म्हटलं, हो.

"आमच्याकडे औषधाची बॅच खराब निघाली की आम्ही पेशंटला फोन करतो," ती म्हणाली. "ज्यानं घेऊन संपवलं असेल त्यालाही करतो. त्यानं काय घेतलं हे त्याला कळायला हवं म्हणून."

मग तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं.

मिसाक यांना घरातली चित्रं हळूहळू वेगळी दिसायला लागली होती. डोंगर गढूळ झालाय असं ते म्हणायचे. अनुशला रोज बघून काही कळत नव्हतं. तिनं विचारलं होतं, पपा, रंग खराब असेल का? ते म्हणाले, शक्य नाही, शैला जानचा रंग आहे, तिनं खिडकीत ठेवून बघितलाय, मी स्वतः ती पट्टी पाहिली आहे. मग त्यांना वाटलं की डोळेच गेले. तिनं त्यांना दोन डॉक्टरांकडे नेलं. दोघांनीही सांगितलं की या वयाला डोळे उत्तम आहेत. ते म्हणायचे, डॉक्टरला भिंतीवरची अक्षरं कळतात, रंग कळत नाहीत. शेवटी त्यांनी ठरवलं की दोष डोळ्यांचा नसेल तर आपणच डोंगर विसरलो आहोत, आधीपासूनच चुकीचा काढत होतो. सगळी डोंगराची चित्रं त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवली. आणि ताटात जर्दाळू ठेवून ते समोर बघून काढू लागले, कारण समोरची वस्तू विसरायचा प्रश्न नव्हता.

मी इतकी वर्षं समजत होते की मी त्यांचं दुःख वाचवलं. त्यांच्या मनातून डोंगर गेला तो माझ्या त्या एका फोनमुळे. मी त्या फोनवर खरं सांगितलं असतं तर ते चिडले असते, मला शिव्या दिल्या असत्या, कदाचित परत कधी आलेच नसते. पण पक्का जांभळा घेऊन, झोपलेला का असेना, त्यांनी डोंगर पुन्हा काढला असता. त्यांच्या हातात अजून पुष्कळ वर्षं होती.

अनुशनं मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. तिनं मला एवढंच सांगितलं की हे सगळं लिहून, खाली सही करून क्युरेटरला द्या. मी दिलं. क्युरेटरनं लेख बदलला. पहिला जास्त सुंदर होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण तिनं बदलला. डोंगरावर पुन्हा रंग चढवावा का, अशी चर्चा झाली आणि तो चढवू नये असं ठरलं, कारण मग तो मिसाक यांचा हात राहिला नसता. चित्रं फ्रेमशिवाय, मंद उजेडात लावली. शेजारच्या पाटीवर लिहिलं की चित्रकारानं हा डोंगर असा काढला नव्हता, कडांकडे बघा, आणि रंग का उडाला तेही लिहिलं. पाटीवर माझं नाव नको, असं क्युरेटर म्हणाली. मी म्हटलं, नाव असू दे.

प्रदर्शनाच्या दिवशी माणसं वाकून वाकून कडा बघत होती. एका म्हाताऱ्या आर्मेनियन गृहस्थांनी चष्मा काढून ती बोटभर पट्टी पाहिली, मागे सरकून पूर्ण चित्र पाहिलं आणि मग डोळे मिटून उभे राहिले. ते मनातल्या मनात सगळा डोंगर भरून घेत असावेत असं मला वाटलं. आमच्या मंडळातलीही चार-पाच कुटुंबं आली होती. त्यातल्या एकीनं मला विचारलं, काकू, एवढं सगळ्यांसमोर कशाला? तिला काय सांगायचं ते मला तेव्हा सुचलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी अनुशचा फोन आला. ती म्हणाली, "मला सांगून झालं, लोकांना सांगून झालं. पपांना कोण सांगणार?" आणि मी तयार व्हायच्या आत ती दारात गाडी घेऊन उभी होती.

स्मशानभूमी सपाट, गवत नुकतं कापलेलं. मिसाक यांचा दगड फिकट गुलाबी, त्यांच्या देशातून मागवलेला, वर त्यांच्या लिपीत नाव कोरलेलं. अनुश दोन पावलं मागे थांबली. मी तिथे उभी राहिले आणि इंग्रजी काही तोंडातून निघेना. मग मी मराठीत म्हटलं, "मिसाक, तुमचे डोळे चांगले होते. डोंगर तुमच्या नीट लक्षात होता. रंग माझा कच्चा होता."

अनुशनं विचारलं, काय म्हणालात? मी तिला इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, त्यांना इंग्रजी कधीच नीट आलं नाही, आणि तुमची भाषा तर नाहीच. मग ती पुढे झाली, दगडावर तळहात ठेवला आणि तेच आर्मेनियन भाषेत सांगितलं, मोठ्यानं, समोरच्याला कमी ऐकू येत असल्यासारखं. माझी तीन वाक्यं होती. तिचं बोलणं बराच वेळ चाललं. मधे एकदा माझं नाव आलं आणि नावापुढे 'जान' आलं. बाकीचं काय होतं ते मी विचारलं नाही.